दुर्जनरावाला काय पाहिजे होतं

चैत्रात गावी जाताना माझं नाक माझ्याआधी गावात पोहोचतं. एसटी अजून फाट्यावर वळतेच आहे, तोवर खिडकीतून चीक शिजल्याचा वास येतो. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा तो आंबूस, दाट, ऊबदार वास. त्यात कारखान्याच्या बाजूने आलेली मळीची गोडसर झुळूक, आणि सगळ्याच्या तळाशी कृष्णेच्या ओल्या गाळाचा गारवा. पलूसच्या अलीकडे, नदीकाठाला आमचं गाव. लग्न होऊन मी साताऱ्याला गेले, चष्मा लागला, केस पिकले. पण हा वास आला की मी सतरा वर्षांची होते, आणि कोपरापर्यंत माझे हात चिकाने बरबटलेले असतात.

ह्या वर्षी यात्रेच्या आठ दिवस आधीच गेले. मराठी शाळेमागे वळले, तर बालवाडीची खोली जागेवर नव्हती. तिथे आता व्यायामशाळा आहे. काचेचं दार, आत भिंतभर आरसे, रांगेत ठेवलेली लोखंडी वजनं. मी बॅग खाली ठेवली आणि बघत राहिले. लाल कौलांची ती बुटकी खोली, भिंतीवर रंगवलेला अननस आणि आगगाडी, शेणाने सारवलेली जमीन, आणि दुपारी तीन वाजता कौलांच्या फटीतून खाली येणारे उन्हाचे कवडसे. त्या कवडशांत धुळीचे कण नाचायचे आणि त्या धुळीत आमच्या आळीतल्या बायका तलवारी फिरवायच्या.

आमच्या आळीत नऊ घरं. त्यातल्या सात घरांतले कर्ते पुरुष पलटणीत. कुणी नाईक, कुणी हवालदार, कुणी जम्मूला, कुणी आसामात. घरात त्यांच्या जागी त्यांच्या काळ्या ट्रंका असायच्या, पांढऱ्या रंगाने नाव घातलेल्या. ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा आणि कॅन्टीनच्या साबणाचा वास यायचा. उन्हाळ्यात बायका ट्रंकांतले बरानकोट बाहेर काढून दोरीवर टाकायच्या. हात पसरून वाळणारे ते जाड कोट बघून वाटायचं, आळीतले सगळे पुरुष आज रांगेने हजर आहेत. पोस्टमन निळी पत्रं घेऊन आला की अंगणातले कुरडयांचे सोरे जागच्या जागी थांबायचे. पत्र ज्यांचं नाही त्यासुद्धा थांबायच्या.

यात्रेतलं नाटक म्हणजे रजेवर आलेल्या जवानांचं. राजा तेच, प्रधान तेच, राजकन्यासुद्धा त्यांच्यातलाच एखादा कोवळ्या मिशांचा पोरगा. त्याला लुगडं नेसवायला तेवढ्या आमच्या काक्या लागायच्या. मी सतरा वर्षांची होते त्या वर्षी मात्र एकालाही रजा मिळाली नाही. यात्रा कमिटीने ठरवलं, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा आणायचा आणि दुपारचा मांडव मोकळा ठेवायचा.

सुमनकाकी, म्हणजे माझी चुलती, तेव्हा कुरडया घालत होती. तिने सोऱ्याचा दांडा सोडला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बापय न्हाईत म्हनून नाटक न्हाई? मंग आजपतूर घरं कुनी चालवली? नांगरट आमी करवून घेतो, ऊस कारखान्याला आमी घालवतो, आन् नाटकाला तेवढं बापय पायजेत व्हय?"

दुसऱ्या दिवशी कमिटीकडून दुपारी चारची वेळ घेऊन ती परत आली. नाटक कुणी लिहायचं हा प्रश्नच नव्हता. मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसले होते आणि निबंधात माझा कायम पहिला नंबर असायचा. सुमनकाकीने मला एक कोरी वही आणि कैरीची फोड दिली. म्हणाली, "लिव. लय रडू आनू नको, आन् लय लांबवू बी नको."

चार दिवसांत मी नाटक लिहिलं. त्यात रणधीर नावाचा राजपुत्र होता. तो शूर, दयाळू, सत्यवचनी, मातृभक्त, शिवाय देखणा. त्याचा धाकटा सावत्र भाऊ दुर्जनराव. तो दुष्ट. का दुष्ट, तर त्याचं नावच दुर्जनराव. वहीच्या चोवीस पानांपैकी एकोणीस पानं रणधीर एकटाच बोलत होता. आणि रणधीर कोण होणार, हे मी पहिलं पान लिहिण्याच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

मला सांगलीला कॉलेजात जायचं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर होते. मी सांगलीचा विषय काढला की ते "निकाल तर लागू दे" म्हणून उठून जायचे. मला वाटायचं, एकदा गावासमोर मी रणधीर होऊन उभी राहिले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, की आबांना कळेल आपली मुलगी काय आहे ते. माझा सगळा जीव त्या एकोणीस पानांत होता.

भूमिका वाटायला बायका बालवाडीच्या खोलीत जमल्या. पोरांच्या इवल्याशा खुर्च्यांवर कसरत करत बसल्या. सुमनकाकी दोन मुलांची आई, अंगाने चांगली भरलेली. तिने राजकन्या मागितली. "मी गोरी हाय," एवढंच तिचं म्हणणं. आणि ती तिला मिळालीही. राजमाता, प्रधान, साधू, सगळे हा हा म्हणता संपले. उरला दुर्जनराव.

"मला नगं बाई. मागनं वर्षभर लोक त्याच नावानं हाक मारत्यात."

"माझ्या मालकांना कळलं तर? वंगाळ माणसाचं काम केलं म्हनून?"

मग सगळ्यांच्या माना एकदम इंदूवहिनीकडे वळल्या, कारण इंदूवहिनीला नाही म्हणता यायचं नाही.

इंदूवहिनी आमच्या आळीतल्या चौथ्या घरातली सून. माहेर विट्याकडचं. तिचे दोघे भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या, धंद्यासाठी लांब दक्षिणेत गेलेले. ती सातवीला शाळेत पहिली आली होती आणि तिथेच तिची शाळा संपली होती. नवरा हवालदार. घरात ती आणि सासू गयाआत्या, दोघीच. गयाआत्याचा आवाज नदीपलीकडे जायचा, आणि इंदूवहिनीचा उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. बोलताना ती तोंडावर पदर धरायची. अशी बाई खलनायक होणार म्हणून मी मनातून खूश झाले. माझ्या रणधीराला धोका नव्हता.

तिने वही घेतली, बोट ठेवून दुर्जनराव ज्यांत होता ती उरलेली पाच पानं वाचली. मग पदराआडून हळूच विचारलं, "ह्याला काय पायजे?"

"कुणाला?"

"ह्या दुर्जनरावाला."

"राज्य पाहिजे," मी म्हटलं. "तो दुष्ट आहे."

"ते झालं गं. पर राज्य घिऊन करनार काय त्यो?"

बायकांनाच उत्तरं सुचायला लागली. कुणी म्हणालं, त्याला आईने जवळ घेतलं नसंल. कुणी म्हणालं, त्याला ताटात कायम शिळंच मिळालं असंल. प्रधान झालेली बाई म्हणाली, आमच्या धाकट्या दिरागत असंल, दुसऱ्याचं बघितल्याबिगर त्यांना काय आवडतच न्हाई. खोलीभर हसू पसरलं. इंदूवहिनी हसली नाही. वही छातीशी धरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिच्या बोटांना अजून पीठ होतं.

"भाकरी थापताना कळलं मला," ती म्हणाली. "त्यो धाकटा हाय. थोरला घोड्यावरनं पुढं जातो, आन् ह्यो कायम मागं. थोरल्याच्या घोड्याची धूळ जलमभर ह्याच्या तोंडात. ह्याला राज्य नगं हाय. ह्याला येकदा, येकदाच, पुढं चालायचं हाय."

सुमनकाकीने विचारलं, "मंग त्यो वाईट कसा काय?"

"पुढं जायाला त्यो थोरल्याला पाडतो न्हवं? तितं त्यो वाईट झाला. पायजे वाटनं काय वाईट न्हाई, काकी." मग ती माझ्याकडे वळली. "आन् तुज्या रणधीराला काय पायजे गं?"

"प्रजेचं सुख."

"आगं, सोताला काय?"

"काही नाही. तो नायक आहे."

ती अगदी मायेने म्हणाली, "ज्याला काय पायजेच न्हाई, त्याच्यामागं लोकांनी कशापायी जीव टाकायचा?"

मी वही मिटली. कान तापले होते. सातवी शिकलेल्या बाईने मला नाटक शिकवावं!

पुढचे पंधरा दिवस आठवले की अजून अंगात हलकं वाटतं. सकाळी अंगणात चीक शिजायचा. शिजता शिजता त्यात मीठ, जिरं पडायचं, आणि आम्ही वाटीत गरम चीक घेऊन वर दूध घालून खायचो. दुपारी तालीम. हिरव्यागार कैऱ्या, तिखटमीठ, माठातलं वाळ्याचं पाणी. दूरवर नदीवरच्या पाण्याच्या मोटारींची घरघर. कारखान्याचा भोंगा झाला की प्रधान पळायची, तिच्या म्हशीची धार काढायची वेळ व्हायची. तलवारी उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्याच्या, नाही, चांगल्या फळीच्या होत्या, त्यांना चहाच्या पुड्यांतला चंदेरी कागद लावलेला. दुर्जनरावाच्या मिशा सुमनकाकीच्या जुन्या गंगावनातून कापल्या. खोटी वेणी कापताना काकीने डोळे मिटून घेतले होते. त्या मिशा चिकटवायला डिंक शोधावा लागला नाही. शिजलेला चीक ओठावर थापला की मिशी अशी बसायची, की काढताना दुर्जनराव "आई गं" म्हणायचा.

आणि अंगात नवऱ्याचा बरानकोट. तो अंगात गेला की इंदूवहिनीचे खांदे सरळ व्हायचे. पदर कोटाखाली खोचलेला, त्यामुळे तोंडावर धरायला काही उरायचंच नाही. मग आवाज निघायचा. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा खिडकीतली पोरं दचकून खाली उतरली. कुठून आणला होता तिने? "दादा, तुझ्या घोड्याची धूळ खाऊन माझं पोट भरलंय!" हे वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. ते तिचं. ती म्हणायची तेव्हा राजमाता झालेली बाई आपलं काम विसरून डोळे पुसायची. चार दिवसांत आळीतली सगळी पोरं ओठावर चीक लावून दुर्जनराव झाली. रणधीर व्हायला एकही तयार नव्हतं.

एका दुपारी आबा पाळी संपवून सायकलवरून घरी चालले होते. ते खिडकीशी थांबले. मी जीव तोडून माझं स्वगत म्हटलं. मग इंदूवहिनीचं वाक्य आलं. घरी गेल्यावर आबा हातपाय धुताना आईला म्हणाले, "इंदी काय झकास करती गं!"

एवढंच. मी बाजूलाच उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गयाआत्याकडे चाळण मागायला गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. मी चाळण घेतली, निघाले, आणि जाता जाता आठवल्यासारखं म्हटलं, "आत्या, वहिनी मिशा लावून उभ्या राहणार आहेत. सगळ्या गावासमोर. आणि आरडाओरडा करून शिव्या देणार आहेत. लोक तुम्हालाच बोलतील. मला आपलं वाटलं, तुम्हाला माहीत असावं."

नाटकात एकही शिवी नव्हती. गयाआत्याने सुपातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तांदळात घातली.

त्या दिवशी इंदूवहिनी तालमीला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "आत्याबाई नगं म्हनत्यात," असा निरोप आला. यात्रा चार दिवसांवर होती. सुमनकाकी डोक्याला हात लावून छोट्या खुर्चीत बसली. मग मलाच म्हणाली, "तूच लिवलंयस. दोघांचं बी तूच बोल आता. इकडं तोंड केलं की रणधीर, तिकडं केलं की दुर्जनराव."

म्हणजे आता जवळजवळ सगळी चोवीस पानं माझी होती. मी मिशी चिकटवली. दोरीवरून आमच्याच काकांचा कोट आणून घातला. आणि इंदूवहिनीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं. "दादा, तुझ्या घोड्याची..."

पुढे आवाज निघेना. कोट खांद्यावर ओल्या पोत्यासारखा जड झाला. दुसऱ्याला पाडून पुढे जाणारा माणूस आतून कसा असतो, हे शोधायला मला वहीत बघायची गरज नव्हती. बायकांना वाटलं, मी कामात शिरले. प्रधान म्हणालीसुद्धा, "लय भारी!" मी तशीच, मिशीसकट, खोलीतून बाहेर पळाले.

गयाआत्या ओसरीवर बसली होती. भर उन्हात बरानकोट घालून आलेली मिशीवाली मुलगी बघून तिने डोळ्यांवर हात धरला.

"आत्या, मी खोटं बोलले," मी एका दमात म्हटलं. "नाटकात शिव्या नाहीत. वहिनी माझ्यापेक्षा चांगलं करतात. मला बघवेना, म्हणून मी येऊन सांगितलं. त्यांना पाठवा. पाहिजे तर मी नाटकात राहत नाही."

"मला ठावं हाय," गयाआत्या म्हणाली.

"काय?"

"चाळण मागाय आलीस तवाच कळलं. तुमच्या घरात दोन चाळणी हायत्या. येक तर माझीच हाय."

"मग तुम्ही वहिनींना का अडवलं?"

गयाआत्याने तोंड फिरवलं. नदीपलीकडे जाणारा तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ओसरीच्या बाहेर पडला नाही.

"आळीतल्या समद्या बायका नाटकात. ती शेवटच्या घरातली बी. मला कुनी येकदा इचारलं का? म्हातारी खाष्ट हाय, तिला काय इचारायचं! पोरगी असताना नाटकाचा मांडव पडला की मी खांबाला धरून उभी ऱ्हायाची. आय वडून न्यायाची तवाच घरी. कुनाला काय वाटलं, मला काय वाटतच न्हाई?"

मी तिथेच पायरीवर बसले. आत स्वयंपाकघराच्या दारात इंदूवहिनी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती बाहेर आली आणि माझ्यासमोर थांबली.

"दोन दिस मला भाकरी ग्वाड लागली न्हाई," ती म्हणाली. "आत्याबाईंचे कान भरनारं कोन असंल, कोन असंल, म्हनून समद्यांची तोंडं आठवून बगितली. तुजं तेवढं आठवलं न्हाई बग."

ते मला एखाद्या चपराकीपेक्षा जास्त लागलं. मी रडायला लागले, आणि रडता रडता मिशीचं एक टोक सुटून हनुवटीवर लोंबायला लागलं. आधी गयाआत्याला हसू फुटलं. मग इंदूवहिनीला. ती हसली तेव्हा तोंडावर पदर धरायला विसरली. मग माझ्याजवळ बसून तिने ती मिशी पुन्हा नीट दाबून बसवली.

"म्हंजी तुला बी काय तरी पायजे व्हतं की," ती म्हणाली. "मंग ते रणधीराला दे. त्यो उभा ऱ्हाईल."

त्या संध्याकाळी मी रणधीराची सात पानं फाडली. नवीन एक पान लिहिलं. त्यात रणधीर एकटाच तळ्याकाठी कबूल करतो, की धाकटा भाऊ आपल्यापेक्षा चांगला घोडेस्वार आहे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि म्हणूनच आपण त्याला कधी पुढे जाऊ दिलं नाही. गयाआत्याला मी राजगुरूचं काम देऊ केलं. तिने ते झिडकारलं.

"आशीर्वाद दिऊन दिऊन दमले मी. मला तलवार पायजे."

मग ती दुर्जनरावाचा हुजऱ्या झाली. म्हणजे सुनेने हुकूम सोडायचा, आणि सासूने लवून "जी महाराज!" म्हणायचं. पहिल्या तालमीला इंदूवहिनीच्या तोंडून हुकूमच निघेना. गयाआत्याच खेकसली, "आगं दे की हुकूम! मी काय इतं उभ्याउभ्या वाळू?"

यात्रेच्या दिवशी चार वाजता मांडव गच्च भरला. खोबरं, गुलाल, रेवड्या, कडकडीत उन्हात तापलेलं कापड, बैलांच्या अंगाचा वास. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बायकांच्या बैलगाड्या आल्या होत्या. कारखान्यातली माणसं मागे उभी होती, त्यात आबा. इंदूवहिनी बरानकोटात रंगमंचावर आली आणि क्षणभर कुणी तिला ओळखलंच नाही. मग तिने हुकूम सोडला, गयाआत्याने कमरेत वाकून "जी महाराज!" म्हटलं, आणि मांडवाचं छप्पर उडतं की काय असं हसू उठलं. सासवा सुनांना कोपरं मारत होत्या, सुना पदरात तोंड घालून हसत होत्या. गयाआत्याला हसू चढलं की ती आणखी खाली वाकायची. एकेका "जी महाराज"ला गाव शिट्ट्या मारत होतं.

माझं तळ्याकाठचं पान आलं तेव्हा मात्र सगळं शांत झालं. मी ते पाठ केलं नव्हतं. पाठ करावं लागलंच नाही. बोलताना मी लोकांकडे पाहिलं नाही. विंगेत इंदूवहिनी उभी होती, तिच्याकडे बघून बोलले.

शेवटी द्वंद्व. रणधीराने दुर्जनरावाला खाली पाडायचं, तलवार छातीवर टेकवायची, पडदा. मी इंदूवहिनीला पाडलं, तलवार उगारली. आणि प्रेक्षकांतून एक बाई ओरडली, "आगं मारू नगंस त्याला!" मग दुसरी, मग दहाबारा. मी गोंधळले. तेवढ्यात हुजऱ्या, जो मागच्या प्रवेशात जंगलात पळून गेला होता, विंगेतून धावत आला. गयाआत्याने दोन्ही हात पसरले आणि आपल्या सुनेच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली.

"माझ्या इंदीला हात लावशील तर बग!" ती गरजली. अगदी नदीपलीकडे जाणाऱ्या आवाजात.

काय झालं ते सांगता येत नाही. अख्खा मांडव उभा राहिला. लोक हसत होते, टाळ्या पिटत होते, बायका डोळे पुसत होत्या. खाली पडलेल्या दुर्जनरावाने हसू दाबल्यासारखी बरानकोटाची बाही तोंडात कोंबली होती, आणि ते हसू नव्हतं हे मला जवळून दिसत होतं. मी तलवार टाकली. हात पुढे केला. इंदूवहिनी उठली, आणि आम्ही तिघी तशाच उभ्या असताना सुमनकाकीने, राजकन्येच्या वेशात, स्वतःच पडदा ओढला.

घरी जाताना आबा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालले. रणधीराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. वेशीपाशी आल्यावर म्हणाले, "ते तळ्याचं तू लिवलंस?"

"हो."

"हं." बरंच चालल्यावर पुन्हा म्हणाले, "सांगलीला खोली कितीला पडती, ते इचारलं पायजे."

पलूसच्या फोटोवाल्याने काढलेला दुर्जनरावाचा फोटो इंदूवहिनीने नवऱ्याला पाठवला. पंधरा दिवसांनी निळं पत्र आलं. अंगणातले सगळे सोरे थांबले. तिने ते आम्हाला वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं, फोटो बराकीत लावला आहे, साथीदार विचारतात हा नवा साहेब कोण, मी त्यांना सांगतो, आमचे मोठे साहेब, गावाकडं असतात.

त्या पत्राच्या उलट टपाली इंदूवहिनीने काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी तिने बाहेरून दहावीचा फॉर्म भरला एवढं ठाऊक आहे. मग अंगणवाडीत शिकवू लागली, मग एकदा पंचायतीत निवडून आली. गयाआत्या जाईपर्यंत गाव तिला "जी महाराज" म्हणायचं, आणि ती काठी आपटून "काय रं?" म्हणायची. मी सांगलीला शिकले. लिहायला लागले. माझ्या गोष्टींत आता वाईट माणसं फार सापडत नाहीत. माणसं असतात, आणि कुणाला कुठे जायचं आहे हे मी शोधत बसते. जो घाईत दुसऱ्याला ढकलतो, त्याच्यावर माझी जरा जास्त माया असते.

व्यायामशाळेसमोर मी किती वेळ उभी होते कळलं नाही. देवळाकडून टाळ्यांचा आणि आरडाओरड्याचा आवाज आला, तेव्हा बॅग उचलून तिकडे गेले. देवळामागच्या कडुलिंबाखाली पंधरावीस बायकापोरी जमल्या होत्या. एकीच्या अंगावर शाळेचा गणवेश, एक ट्रॅक्टरवरून उतरून आलेली, एकीच्या कडेवर बाळ. मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत इंदूवहिनी, चष्मा नाकावर, हातात वही. बायकांचं चारचं नाटक आता यात्रेत दरवर्षी असतं आणि ते ती लिहिते. तिचे मालक सुभेदार होऊन निवृत्त झाले आहेत. ते बाजूला स्टोव्हवर सगळ्यांसाठी चहा करत होते.

"आलीस?" वहिनी वहीतून मान वर न काढता म्हणाली. "उशीर केलास. कामं समदी गेली."

"मी बघायला आलेय."

"बगाया गाव हाय की." तिने पान उलटलं. "दरवान ऱ्हायलाय. बोलायचं काय न्हाई. भाला धरून दाराशी उभं ऱ्हायाचं. जमंल?"

साताऱ्यात मला लोक शाल देतात, नारळ देतात, दोन शब्द बोला म्हणतात. मी बॅग झाडाच्या बुंध्याशी ठेवली, चप्पल काढली. सुभेदारांनी माझ्या हातात एक लांब वेळूची काठी दिली आणि हळूच सांगितलं, "छाती पुढं. नजर समोर. हलायचं न्हाई."

मी लिंबाखाली दाराच्या जागी उभी राहिले. वर कोवळी पालवी सळसळत होती, बारीक पांढरा मोहोर केसांवर पडत होता. वहिनीने टाळी वाजवली, गणवेशातली पोरगी तलवार उपसून आत शिरली, आणि मी तिला वाट दिली.